तेरावी रांग

बलाकाच्या विमानात तेरावी रांग नव्हती.
बारा संपले की चौदा.
आठ वर्षांत एकाही प्रवाशाने विचारलं नाही
मधल्या माणसांचं काय झालं.

मालकाच्या आईने म्हणे
पहिलं विमान आलं तेव्हाच बजावलं होतं:
तेरावं घालायचं असतं रे,
तेराव्यावर कुणाला बसवायचं नसतं.

झेनिथवाले हिशोबाचे.
त्यांच्याकडे एक ते एकोणतीस,
एकही आकडा शुभ नाही, अशुभ नाही,
फक्त आकड्यामागे सहा तिकिटं.

सोमवारी रात्री बाराला आम्ही त्यांचे झालो.
केकवर दोन्ही कंपन्यांची चिन्हं साखरेची.
कुलाबकर साहेब म्हणाले, हे लग्न समजा.
मागून मेहरून पुटपुटली,
म्हणजे मुलीकडचे आपणच,
नाव आपलंच बदलतंय.

पहाटे पावणेपाचची नागपूर.
विमान आमचं, संगणक त्यांचा.
मी दार लावायच्या बेतात
आणि एरोब्रिजमधून सहा माणसं
उलटी चालत आली.

एक नर्स. परीक्षेला निघालेली दोन पोरं.
एक जोडपं, रुसलेलं.
आणि विक्रोळीचे ढोमणे काका,
बोर्डिंग पास दोन्ही हातांत धरून,
अगदी हळू, जणू चूक त्यांचीच:
बाई, आत माझी रांग नाहीये.

काका, ती कधीच नव्हती,
हे कसं सांगू?

मी कंट्रोलला फोन लावला.
पलीकडचा पोरगा नम्र, नव्या कंपनीचा:
मॅडम, स्क्रीनवर तेरावी रांग आहे.
विमानात नाही.
पण स्क्रीनवर आहे, मॅडम.
दुष्काळात तेरावा महिना ऐकला होता,
तेराव्या रांगेचा दुष्काळ
पहिल्यांदाच बघत होते.

मग मेहरून आत जाऊन आली, धापा टाकत.
अगं, शेवटची तिसावी रांग
अख्खी रिकामी आहे!
असणारच.
त्यांच्या संगणकाला ती ठाऊकच नव्हती.

कागद काढला, पेन्सिल काढली,
सहा नावं तिसाव्यात लिहिली.
लोडशीटचा पागधरे खालून ओरडला,
शेपटीकडे वजन वाढतंय,
चार बॅगा पुढच्या पोटात घ्या!
घेतल्या.
उशीर सत्तेचाळीस मिनिटं.
उशिराच्या कारणांची नवी यादी उघडली.
धुकं होतं, पक्षी होते, संप होता.
मी निवडलं: इतर.

ढोमणे काका जाताना म्हणाले,
मागे बसलं तरी पोचतं ना एकाच वेळी?

हँगरमध्ये बॅप्टिस्टा मामा
शेपट्या निळ्या करतायत.
खरवडायचे पैसे मंजूर नाहीत,
म्हणून वरूनच.
तिरप्या उन्हात उभं राहिलं
तर निळ्याखाली बगळ्यांच्या कडा लागतात,
लस टोचल्याच्या जुन्या व्रणासारख्या.
मामा म्हणतात, दिसू दे की,
रंग माझा आहे, पंख पण माझेच होते.

ज्येष्ठतेची यादी अजून यायचीय.
बटणं आलीयत, काजांपेक्षा मोठी.
कुर्ल्याच्या शिंप्याकडे एका रात्रीत
तीनशे जॅकेटं जाऊन पडली.

रविवारी मेहरूनने बोटं मोजली.
आज तेरावा दिवस गं.
आम्ही काही केलं नाही,
तिने शिरखुर्मा आणला होता, तो खाल्ला.

त्याच दुपारी टेक्निकलचा लोकेश
स्टिकरांची गुंडाळी घेऊन विमानात शिरला.
चौदाचं तेरा केलं,
पंधराचं चौदा,
असं करत करत शेवटपर्यंत गेला
आणि जुना तीस नखाने सोलून
मला आणून दिला.

मी तो डब्यावर चिकटवलाय.
वर तीस,
आत दोन चपात्या, दोडक्याची भाजी.